हान येरी तेवाहांगाराहकेन: ओरिस्कनीच्या खिंडीत लढलेला ओनायडा सरदार

बखरवाला (धागाकर्ता)

मागे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं की तिथले मूळ रहिवासी या भांडणात कुणाच्या बाजूने होते. उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय.

एका ओळीतलं उत्तर असं: बहुतेक जण ब्रिटिशांच्या बाजूने होते. आजच्या न्यूयॉर्क राज्यातल्या हाउडेनोशॉनी संघात सहा राष्ट्रं होती. मोहॉक, ओनायडा, ओनंडागा, कायुगा, सेनेका आणि नंतर सामील झालेले टस्करोरा. त्यातले ओनायडा आणि टस्करोरा यांतले बरेचसे लोक बंडखोर वसाहतींच्या बाजूने गेले. "ओनायडांनी वॉशिंग्टनला मदत केली" एवढं वाक्य पुस्तकात असतं आणि लेखक पुढे जातो. पण मदत करणारी माणसं कोण होती, त्यांचं काय पणाला लागलं होतं, हे एका माणसाला धरून पाहिलं की बरंच उलगडतं.

तो माणूस म्हणजे हान येरी तेवाहांगाराहकेन. ओरिस्का नावाच्या छोट्या ओनायडा वस्तीचा म्होरक्या. नावाचा पहिला भाग जर्मन वळणाचा आहे, कारण मोहॉक नदीच्या खोऱ्यात शेजार जर्मन शेतकऱ्यांचा होता. युद्ध सुरू झालं तेव्हा तो पन्नाशीच्या आसपास होता. लाकडी घर, शेती, गुरं, घोडे असं सगळं राखून असलेला. पिसं खोवून रानात हिंडणारा योद्धा असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते पुसून टाका. त्याचं राहणीमान शेजारच्या जर्मन शेतकऱ्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

"सरदार" हा शब्द मी वापरतोय खरा, पण त्यात एक मेख आहे. ओनायडांची तीन कुळं: लांडगा, कासव आणि अस्वल. वंश आईकडून चालतो. परिषदेत बसणारे प्रमुख कुळातल्या ज्येष्ठ बायका निवडत आणि नको झाले तर त्याच उतरवत. युद्धनायक वेगळे. ते जन्माने होत नसत, कर्तबगारीवर होत, आणि त्यांना हुकूम सोडायचा अधिकार नसे. आपल्या म्हणण्यामागे माणसं येतात की नाही, एवढाच त्यांचा अधिकार. हान येरी या प्रकारचा नेता होता. म्हणून त्याच्यामागे किती लोक गेले याला महत्त्व आहे.

1775 च्या जूनमध्ये ओनायडांनी न्यू इंग्लंडच्या लोकांना लेखी कळवलं होतं की हे दोन भावांचं भांडण आहे, आम्हाला दोघेही सारखेच, आम्ही कुणाच्याच बाजूने पडणार नाही. ही नुसती तोंडदेखली भाषा नव्हती. जवळपास दोन वर्षं त्यांनी ते पाळायचा प्रयत्न केला. मग 1777 च्या जानेवारीत ओनंडागाहून बातमी आली. साथीत तिथली 90 माणसं गेली, त्यात तीन प्रमुख, आणि संघाचा सामायिक अग्नी विझवला गेला. म्हणजे सहा राष्ट्रांनी एकत्र बसून निर्णय घ्यायची जागाच उरली नाही. यापुढे ज्याने त्याने आपलं पाहायचं.

उन्हाळ्यात ब्रिटिश सेनानी सेंट लेजर पश्चिमेकडून आला आणि 2 ऑगस्टच्या सुमारास त्याने बंडखोरांच्या ताब्यातल्या फोर्ट स्टॅनविक्सला वेढा घालायला सुरुवात केली. किल्ला ओनायडांच्याच मुलखात, ओरिस्कापासून काही मैलांवर. तटस्थ राहायचं म्हटलं तरी फौज दारात आली होती.

किल्ल्याला कुमक म्हणून निकोलस हर्किमर सुमारे 800 स्थानिक शिपाई घेऊन निघाला. हे कवायती सैन्य नव्हतं, शेतकरीच होते. ओरिस्कापाशी त्यांना साठेक ओनायडा येऊन मिळाले. त्यांत हान येरी होता, त्याची बायको त्योनाजानेगेन होती आणि मुलगाही होता. 6 ऑगस्टच्या सकाळी हर्किमरला थांबायचं होतं, किल्ल्यातून तोफांची खूण येईपर्यंत. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्याला भित्रा म्हटलं, फितूर म्हटलं (त्याचा सख्खा भाऊ ब्रिटिशांकडे होता, त्यामुळे ते झोंबणारच). चिडून त्याने कूच करायला सांगितलं.

पुढे एक खोल घळ होती, ओरिस्कनीची खिंड ती हीच. तळाला दलदल, दोन्ही बाजूंना दाट झाडी. कुमक येतेय हे मोहॉक बाई मॉली ब्रँटने शत्रूला आधीच कळवलं होतं. तिचा भाऊ जोसेफ ब्रँट, सेनेका योद्धे आणि ब्रिटिशनिष्ठ वसाहतवाले झाडीत दबा धरून बसले होते. पहिल्या काही मिनिटांतच कापाकापी झाली. हर्किमरच्या पायाला गोळी लागली. तो झाडाखाली बसून हुकूम देत राहिला.

मधेच वळवासारखा पाऊस कोसळला आणि लढाई तासभर थांबली. त्या तासात एक शहाणपण सुचलं. त्या काळी एक बार काढला की बंदूक पुन्हा भरेपर्यंत माणूस रिकामा. झाडामागून बार निघाला की धूर बघून शत्रूचा योद्धा कुऱ्हाड घेऊन थेट अंगावर धावून येई. म्हणून प्रत्येक झाडामागे दोघंदोघं बसवले. एकाने झाडायची, दुसऱ्याने भरलेली धरून ठेवायची.

हान येरीच्या मनगटातून गोळी आरपार गेली. त्यानंतरचं वर्णन त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात म्हटलंय की त्याने नऊ जण मारले, हात निकामी झाल्यावर कुऱ्हाडीने लढला, मुलाने दोघांना मारलं, आणि बायको घोड्यावर बसून पिस्तुलं घेऊन सहा तास त्याच्या बाजूला होती. नवऱ्याची बंदूक तीच भरून देत होती, असंही सांगितलं जातं. नवाच्या आकड्याची हमी मी देणार नाही, वर्तमानपत्रं तेव्हाही वर्तमानपत्रंच होती.

लढाई संपली तेव्हा हर्किमरचे निम्म्याहून अधिक लोक मेलेले, जखमी किंवा पकडलेले होते. हर्किमरचा पाय कापावा लागला आणि लढाईनंतर दहाएक दिवसांत तो गेला. आणि ओरिस्का? ब्रँटच्या बाजूच्या लोकांनी ती वस्ती जाळली, उभं पीक नासवलं, गुरं हाकून नेली. ओनायडांनी उलट जाऊन मोहॉकांच्या वस्त्या लुटल्या. मॉली ब्रँटचं कानाजोहारीचं घरही त्यात आलं, आणि त्या लुटीत हान येरी पुढे होता. मॉलीला पोरांसकट पळावं लागलं. शेकडो वर्षांचा संघ, ज्यात एकमेकांचं रक्त सांडायचं नाही हाच पहिला नियम, तो त्या आठवड्यात मोडला. मला या सगळ्या कथेत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते, लढाईपेक्षाही.

पुढचं प्रतिसादांत लिहीन.

---

चिंचपेटी

वाचतेय. त्योनाजानेगेनबद्दल अजून काही आहे का? की तीही "अमक्याची बायको" म्हणून एका ओळीत आटोपली?

---

बखरवाला

@चिंचपेटी, बऱ्यापैकी तसंच झालंय. ओरिस्कनीनंतर घोड्यावरून खोऱ्यातल्या वस्त्यांना लढाईची बातमी तिने पोचवली असं सांगतात. पण एक लक्षात घ्या, ती लढली याचं नवल छापणाऱ्या वर्तमानपत्राला जास्त होतं. युद्धाला जायचं की नाही यात बायकांचा शब्द चालायचा, मोहिमेची शिदोरी त्यांच्या हातात असायची. मक्याची कोठारंच त्यांची. बायकांनी शिदोरी दिली नाही तर मोहीम निघायची नाही.

---

ठासणी

लेख झकास. बंदुकीबद्दल थोडं, माझा आवडीचा विषय.

ती चकमकीची (गारेच्या ठिणगीवर पेटणारी), नळीच्या तोंडाने भरायची बंदूक. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, ती दातांनी फाडायची, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानात (ठिणगी पडते त्या बाजूच्या वाटीत), बाकी नळीत, मग गोळी, मग गजाने ठासायचं. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढतो. पण गज ओढायला आणि ठासायला दोन्ही हात धड लागतात. मनगट गेलं की भरणं संपलं. म्हणजे बायकोने भरून देणं हे शौर्यकथेचं पीस नाही, तांत्रिकदृष्ट्या दुसरा मार्गच नव्हता. आणि पाऊस आला की कानातली दारू ओली, बार फुसका. त्या तासभर थांबण्याचं कारण तेच, दया वगैरे नाही.

---

टवाळ_कार्टं

थोडक्यात काय, जिंकणाऱ्या बाजूने लढले आणि तरी हरले. पुढचं मला माहितीये, गोऱ्यांनी जमीन घेतली. मग ब्रँट शहाणा म्हणायचा ना? त्याला निदान कॅनडात जमीन तरी मिळाली.

---

सह्यकडा

+१ टवाळ. ओनायडांनी भावकीशी वैर घेतलं आणि पदरात काय पडलं? आपल्याकडे वाटणीच्या भांडणात वकिलाच्या घशात जमीन जाते तसं झालं.

---

बखरवाला

दोघांनाही एकत्रच उत्तर देतो.

ब्रँटला ग्रँड नदीकाठी जमीन मिळाली, 1784 मध्ये, हे खरं. पण त्याआधीचं बघा. 1779 मध्ये वॉशिंग्टनने सलिव्हन आणि क्लिंटन या सेनानींना सेनेका-कायुगा मुलखात पाठवलं. चाळीसेक गावं जाळली, मक्याची शेतं कापली, फळबागा तोडल्या. त्या हिवाळ्यात हजारो माणसं नायगारा किल्ल्याच्या आसऱ्याला जाऊन पडली, थंडीने आणि उपासमारीने मेली. आणि 1783 च्या पॅरिस तहात ब्रिटिशांनी आपल्या या मित्रांचा उल्लेखसुद्धा केला नाही. त्यांची जमीन सरळ अमेरिकेला देऊन टाकली. ब्रँट चवताळला तेव्हा कुठे ग्रँड नदी मिळाली.

मग तटस्थ राहिले असते तर? तेही करून झालं होतं. 1780 च्या हिवाळ्यात चार जण शांततेचा निरोप घेऊन नायगाराला गेले. ओनायडांकडून स्कनंडोआ आणि गुड पीटर, आणि दोन मोहॉक. त्यातला एक लिटल अब्राहम, जो शेवटपर्यंत कुणाच्याच बाजूने गेला नाही. ब्रिटिशांच्या बाजूच्या गाय जॉन्सनने चौघांना कोठडीत टाकलं. लिटल अब्राहम तिथेच मेला. बाकीचे ब्रिटिशांच्या बाजूने यायची अट मान्य करून सुटले.

तेव्हा "कोण शहाणा" या प्रश्नात मला फार अर्थ दिसत नाही. माझं मत सरळ आहे: हान येरीने अमेरिका निवडली नाही, तेव्हा अमेरिका होतीच कुठे धड? त्याने शेजारी निवडले. ज्यांच्याशी धान्याची देवघेव होती, ज्यांची पोरं आपल्या पोरांबरोबर वाढली, ते लोक. सॅम्युएल कर्कलंड नावाचा पाद्री 1766 पासून ओनायडांत राहत होता, त्याचाही वाटा आहे, पण सगळं खापर किंवा श्रेय त्याच्या माथी मारणाऱ्यांशी मी सहमत नाही. नदीच्या या टोकाला राहणाऱ्या माणसाला खोऱ्यातल्या शेतकऱ्यांशी वैर परवडणारं नव्हतं. पश्चिमेकडच्या सेनेकांना परवडत होतं, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा आला.

---

चिंचपेटी

स्कनंडोआ म्हणजे तोच का, जो शंभरी पार करून गेला?

---

बखरवाला

तोच. 1816 च्या मार्चमध्ये गेला. म्हातारपणी दृष्टी गेली होती. त्याने स्वतःला शेंड्याकडून वाळलेल्या जुन्या हेमलॉक वृक्षाची उपमा दिली होती, ते भाषण फार प्रसिद्ध आहे. कर्कलंडच्या शेजारी पुरायची इच्छा त्याने सांगून ठेवली होती आणि ती पाळली गेली, क्लिंटन गावात हॅमिल्टन कॉलेजच्या स्मशानभूमीत.

पण याच माणसाला नायगाराहून सुटण्यासाठी ब्रिटिशांचा पक्ष घ्यावा लागला होता. स्मारकांवर ते नसतं. मला त्याने स्कनंडोआ लहान वाटत नाही, उलट त्या हिवाळ्यात काय अवस्था होती ते कळतं.

---

शेवगा

व्हॅली फोर्जला, म्हणजे वॉशिंग्टनच्या सैन्याच्या हिवाळी छावणीत, ओनायडा बाईने उपाशी सैनिकांना मका खाऊ घातला ही गोष्ट मी इथल्या शाळेत पोरीच्या पुस्तकात वाचली. पॉली कूपर. ते यातच बसतं ना? मला मक्याचा भाग जास्त भावला. सैनिक कच्चाच खायला निघाले होते आणि तिने थांबवलं, असं काहीतरी.

---

बखरवाला

हो. तो पांढरा, टणक दाण्याचा मका. तसाच खाल्ला तर पोटात फुगतो. राखेच्या पाण्यात उकळायचा, वरचं साल सुटेपर्यंत, मग टोपलीत चोळून धुवायचा आणि पुन्हा शिजवायचा. पैसे घ्यायला तिने नकार दिला तेव्हा तिला शाल दिली गेली, ती शाल ओनायडांनी आजही जपून ठेवली आहे. वॉशिंग्टन शहरातल्या अमेरिकन इंडियन संग्रहालयात वॉशिंग्टन, स्कनंडोआ आणि पॉली कूपर यांचा एकत्र पुतळा आहे.

---

ठासणी

इथे जरा आडवा येतो. ओनायडांची तुकडी व्हॅली फोर्जला पोचली 1778 च्या मे महिन्याच्या मध्यावर. उपासमार होती ती आधीच्या हिवाळ्यात, तोवर रसद सुधारली होती. मग "उपाशी सैन्याला वाचवलं" हे कसं?

---

शेवगा

म्हणजे खोटी गोष्ट?

---

बखरवाला

खोटी म्हणायची घाई नको. ओनायडांच्या घराघरांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलीय, आणि शाल आहे. मे महिन्यात पॉली आली, मका आणला, शिजवायला शिकवलं, यात न पटण्यासारखं काहीच नाही. "सैन्य वाचवलं" हा मुलामा नंतरचा असू शकतो. शाळेच्या पुस्तकांना अशा गोष्टी गोड लागतात, मित्राने जेवू घातलं एवढंच सांगायचं आणि पुढे त्या मित्राचं काय केलं ते गाळायचं.

त्या तुकडीचं खरं लष्करी काम 20 मे ला झालं. वॉशिंग्टनचा फ्रेंच सेनानी लाफायेत, वय वर्षं वीस, 2200 लोक घेऊन बॅरन हिलला जाऊन बसला आणि ब्रिटिशांनी त्याला तीन बाजूंनी घेरायचा घाट घातला. पन्नासेक ओनायडा पुढच्या पहाऱ्यावर होते. ब्रिटिश घोडेस्वार अंगावर आले तेव्हा त्यांनी आधी बार काढले आणि मग अशी आरोळी ठोकली की घोडे बिथरले. लाफायेत बाकी सैन्य घेऊन नदीच्या उतारावरून निसटला. मागे राहून वाट अडवणाऱ्यांत ओनायडा होते, त्यातले काही तिथेच पडले.

---

टवाळ_कार्टं

बरं, हान येरीचं पुढे काय? तो तर मधेच गायब झाला.

---

बखरवाला

येतोय. सप्टेंबर 1777 मध्ये दीडशेच्या आसपास ओनायडा आणि टस्करोरा साराटोगाच्या मोहिमेत अमेरिकन सेनापती गेट्सच्या छावणीत दाखल झाले. 1779 मध्ये काँग्रेसने (बंडखोर वसाहतींच्या मध्यवर्ती सभेने) काही ओनायडांना रीतसर अधिकारपदं दिली, हान येरीला कॅप्टन केलं. त्याच खेपेला लुई कुक लेफ्टनंट कर्नल झाला. बाप आफ्रिकन, आई अबेनाकी, वाढला मोहॉकांत, ओनायडांत लग्न केलं. त्याच्यावर स्वतंत्र धागा होईल.

त्याच वर्षी सलिव्हनच्या मोहिमेत हान योस्ट नावाचा ओनायडा वाटाड्या म्हणून एका छोट्या तुकडीबरोबर पुढे गेला आणि सेनेकांच्या हाती सापडला. समोरच्या बाजूने त्याचा स्वतःचा भाऊ होता असं म्हणतात. भावाने हात उचलला नाही, दुसऱ्यांनी तुकडे केले.

1780 च्या उन्हाळ्यात ब्रँटने कानोनवालोहाले हे ओनायडांचं मुख्य गाव जाळलं, चर्चसकट. चारेकशे लोक पूर्वेला स्केनेक्टडीजवळ जाऊन झोपड्यांत राहिले. देवीची साथ, अंगावर धड कपडा नाही. अमेरिकन सेनानी फिलिप स्कायलर काँग्रेसकडे त्यांच्यासाठी घोंगड्या मागत राहिला. आणि त्याही अवस्थेत 1781 मध्ये ओनायडा अमेरिकन अधिकारी विलेटच्या तुकडीबरोबर जॉन्सटाउनला लढायला गेले.

---

सह्यकडा

आणि मग जमीन.

---

बखरवाला

आणि मग जमीन, हो.

1784 च्या तहात काँग्रेसने लिहून दिलं की ओनायडा आणि टस्करोरा ज्या जमिनीवर आहेत ती त्यांच्याकडे सुरक्षित राहील. पुढच्याच वर्षापासून न्यूयॉर्क राज्य खरेदीला बसलं. 1788 मध्ये एका करारात पन्नास लाख एकरांहून जास्त गेली, तीनेक लाख उरली. आणि बैठक कुठे भरली? फोर्ट स्टॅनविक्सला, ज्याच्या वेढ्यात ओरिस्का जळलं. 1790 मध्ये संघराज्याने कायदा केला की केंद्राच्या संमतीशिवाय अशी खरेदी चालणार नाही. 1795 मध्ये न्यूयॉर्कने तरीही आणखी लाखभर एकर घेतली. मधल्या काळात, 1794 च्या डिसेंबरात, केंद्राने युद्धातल्या नुकसानीपोटी 5000 डॉलर, जळलेल्या चर्चसाठी 1000 डॉलर आणि पिठाची व लाकडाची गिरणी देऊ केली. म्हणजे उपकार कुणी विसरलं नव्हतं, कागदावर सगळं होतं.

1820 च्या दशकापासून बरेच जण विस्कॉन्सिनला गेले, 1840 च्या सुमारास काही ऑंटारिओला टेम्स नदीकाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या हातात 32 एकर उरली होती.

---

उत्तरेची_थंडी

मी युटिकाजवळ राहते, रोज या नावांच्या पाट्यांवरून गाडी जाते. दोन गोष्टी सांगते.

ओरिस्कनीचं रणांगण आजही बघता येतं. 1884 साली उभारलेला उंच दगडी स्तंभ आहे आणि ती घळ तशीच आहे. वरून पाहिली तर "एवढीशीच?" असं वाटतं. खाली उतरलं की समजतं, दोन्ही बाजूंचा चढ अंगावर येतो आणि वरचं काहीच दिसत नाही. दरवर्षी 6 ऑगस्टला संध्याकाळी तिथे स्मृतिसभा असते. फोर्ट स्टॅनविक्सही रोम गावाच्या मधोमध पुन्हा बांधून काढलाय.

दुसरं, आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना किल्ल्यापेक्षा टर्निंग स्टोन कॅसिनोत रस असतो. तो ओनायडांचा, 1993 पासून. इथले काही गोरे शेजारी त्यावरून कुरकुरतात, कर भरत नाहीत वगैरे. त्यांना 1795 विचारलं तर गप्प बसतात.

---

चिंचपेटी

कोर्टात कुणी गेलं नाही का?

---

बखरवाला

गेले ना. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की असा दावा संघराज्याच्या न्यायालयात चालू शकतो. 1985 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी ओनायडा जिंकले, 1795 ची खरेदी बेकायदा ठरली. मागणी ऐका: 872 एकरांचं दोन वर्षांचं भाडं. मुद्दाम एवढीच मागितली होती, तत्त्व सिद्ध करायला. पण 2005 मध्ये शेरिल शहराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की तुम्ही परत विकत घेतलेल्या जुन्या जमिनीवर तुमचं सार्वभौमत्व आपोआप परत येत नाही, फार उशीर झाला. शेवटी 2013 मध्ये राज्य, दोन काउंट्या आणि ओनायडा यांच्यात समझोता झाला.

---

टवाळ_कार्टं

फार उशीर झाला, हे न्यायालय म्हणतंय? दीडशे वर्षं खटला भरायची सोय नव्हती त्याचं काय?

---

उत्तरेची_थंडी

आणि एक राहिलं. 1794 च्या कॅनन्डेग्वा तहानुसार केंद्र सरकार सहा राष्ट्रांना दरवर्षी 4500 डॉलरचा माल देणं लागतं. त्यातलं कापड आजही येतं. महागाईमुळे आता ते अगदी साध्या मांजरपाटावर आलंय, पण लोक ते घेतात, कारण घेणं थांबवलं तर तह मोडला म्हणायला सरकार मोकळं.

---

ठासणी

बखरवाला, लुई कुकचा धागा कधी? 1812 च्या युद्धातही तो म्हातारपणी गेला होता ना?

---

बखरवाला

हो, आणि 1814 मध्ये तिकडेच वारला. दिवाळीनंतर लिहितो, आत्ता ऑफिसात वर्षअखेरीची गडबड आहे.